भाऊंचा होकार

चांगदेवांच्या वर्षश्राद्धाची शेवटची पंगत उठली. गावातली माणसं हात धुऊन आपापल्या घरी गेली आणि वळ गावातल्या दुमजली घरात घरचीच माणसं उरली. सुनीतीला सकाळपासून याच वेळेची धास्ती होती.

ती आणि मिहिर सासऱ्यांना, म्हणजे भाऊंना घेऊन भिवंडीहून आठलाच पोचले होते. चांगदेव म्हणजे भाऊंचे थोरले बंधू. आल्या आल्या सुनीतीने पदर खोचून वड्यांचं पीठ मळायला घेतलं, तेवढ्यात मृणालीने तिला मागच्या दारी ओढून नेलं. मृणाली चांगदेवांची नात, त्यांच्या मुलाची, प्रितमची थोरली मुलगी. यंदाच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिने मोबाईल काकूपुढे धरला. पुण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. जागा नक्की करायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत होती.

आणि दुसऱ्याच दिवशी प्रितम अंबाडीला जाणार होता. तिथल्या एका घरातून मृणालीला मागणी होती. नाक्यावर त्यांची दुकानं, वाडा गावाच्या रस्त्याला जमीन, एकुलता एक मुलगा. चांगदेवांचं वर्ष झालं नव्हतं म्हणून बोलणं थांबलं होतं, ते वर्ष आज संपलं.

"पप्पा माझं ऐकायचे नाहीत," मृणाली म्हणाली, "पण भाऊआजोबांचं ऐकतील. आजोबा माझ्याच बाजूने बोलणार, त्याची मला काळजी नाही. तुम्ही फक्त मम्मीला सांभाळून घ्या, काकू."

सुनीतीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हो म्हटलं. मनापासून म्हटलं. तिचं माहेर बाजारपेठेतलं, वडील नगरपालिकेत कारकून. तीही शिकलेली, घरी शिकवण्या घेणारी. पण कढईपाशी उभी राहून वडे सोडता सोडता तिला मिहिरची नोकरी आठवली. मिहिर वस्त्रोद्योगातला इंजिनीअर. कपडा रंगवणाऱ्या एका कारखान्यात त्याने बारा वर्षं काढली, तो बंद पडला. मग सिल्वासाला गेला, तिथलं कामही दोन वर्षांपूर्वी सुटलं. पुढे सव्वा वर्ष घरी बसल्यावर प्रितमनेच त्याला वडप्याला आपल्या गोडाऊनवर शिफ्ट सुपरवायझर म्हणून घेतलं. कुणाला न सांगता, उपकाराची भाषा न करता घेतलं. ज्या माणसाने आपलं घर सावरलं त्याच्या पोरीच्या बाबतीत आपण त्याच्याविरुद्ध बोलायचं, हे तिला जमेना. वडे तळून होईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं की भाऊ बोलतीलच, आपण बोलायची गरज नाही.

जेवणं आटोपल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसले. भिंतीवर चांगदेवांचा फोटो, त्याला सकाळचा हार. त्याखाली खुर्चीत भाऊ. पार्वती, चांगदेवांची बायको, जमिनीवर भिंतीला टेकून. मिहिर दाराजवळ. मृणाली पाण्याचे ग्लास फिरवत होती.

भाऊ शहात्तरचे. वळ गावातले पहिले बी.ए. त्यांच्या शिक्षणासाठी चांगदेवांनी चौथीत शाळा सोडून खाडीत रेतीच्या होडीवर काम धरलं होतं. श्वास कोंडून तळाशी जायचं आणि बादलीभर रेती घेऊन वर यायचं, दिवसाला कितीदा ते कुणी मोजलं नाही. त्यात पंचविशीलाच त्यांचे दोन्ही कान गेले. भाऊ भिवंडीच्या हायस्कुलात मास्तर झाले, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, आजही महिन्याच्या महिन्याला पेन्शन खातात. नोकरीच्या पस्तीस वर्षांत ते खाडीकाठच्या प्रत्येक पाड्यात पायी गेले होते. पोरांच्या आयांना सांगायचे, शिकलेल्या पोराला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. कित्येकींनी त्यांच्या शब्दावर पोरं शाळेत पाठवली.

प्रितमने खुर्ची त्यांच्यासमोर ओढून घेतली. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, आवाज मात्र वडिलांसमोर बोलावं तसा खालचा.

"काका, उद्या मी अंबाडीला चाललो. त्याच्या आधी तुम्हाला विचारतो. पोरगी म्हणते पुण्याला शिकायला जायचं. तुम्ही सांगाल तसं करू."

मृणालीच्या हातातला ट्रे थांबला. तिने भाऊंकडे बघितलं आणि ती हसली.

भाऊ काही बोलायच्या आधी दिपालीने, प्रितमच्या बायकोने तोंड उघडलं. दोन वर्षं शिकायला, मग नोकरी शोधायला एखादं वर्ष, तोवर पोरगी पंचविशीला पोचते, आणि असं घर पुन्हा चालून येत नाही, असं ती काकुळतीने सांगत होती. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी एम.कॉम. होऊन कल्याणला एका दुकानात बिलं करत होती आणि तिशी उलटली तरी तिचं जमलं नव्हतं. दिपालीच्या डोळ्यासमोर तीच होती.

तिला अडवलं ते पार्वतीने. सगळ्यांना वाटत होतं म्हातारी लग्नाच्याच बाजूची. नातजावई बघायचा म्हणून वर्षभर तिनेच स्थळाचा विषय धरून ठेवला होता. पण सकाळी प्रितमशेजारी पिंडदानाला बसलेल्या नातवाकडे, मृणालीच्या धाकट्या भावाकडे, भावेशकडे बघताना तिच्या मनात दुसरंच काही आलं होतं. हे घर, ते गोडाऊनचे शेड, सगळं याचं. पोरीचं काय, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला विचारलं होतं.

"माज्या लग्नात हळद लागली त्याच दिवशी बापाने कागद आनला व्हता," ती प्रितमकडे न बघता म्हणाली. "भावासाठी जमीन सोडली म्हनून मी आंगठा दिला. तुज्या बहिनीनं बी दिला. उद्या ही बी भावेशसाठी सही करल. तुमच्या शेडांत हिचं काय हाय? शिकली तर तेवढं तरी हिचं र्‍हाईल. ते कुनाच्या नावावर करून देता येत न्हाय."

दिपालीने मान खाली घातली, कारण तिनेही तशी सही केली होती. सुनीतीला वाटलं, आता आपण एक वाक्य बोललो तरी पारडं फिरेल. ती बोलली नाही.

प्रितम आईवर चिडला नाही. त्याने पुन्हा काकांकडेच तोंड केलं. म्हणाला, आईचं खरं असेल, मला तेच तर कळत नाही. शिकल्यावर पुढे काय, एवढं तुम्ही सांगा. पोटापाण्याची खात्री आहे का?

मिहिरने दाराची चौकट सोडली आणि तो पुढे आला. इतका वेळ तो जसा काही पाहुणाच होता.

"दादा, तू माझ्याकडे बघून ठरवू नकोस. माझा धंदाच बसला. तिचं तसं होईलच असं नाही. तिला जाऊ दे."

"तुझ्याकडं न्हाय तर कोणाकडं बघू?" प्रितम हळूच म्हणाला. "आपल्या घरात दुसरा इंजिनीअर कोण हाय?"

हे त्याने टोचण्यासाठी म्हटलं नव्हतं, हे मिहिरलाही कळलं. तरी त्याचे कान लाल झाले आणि तो तिथेच उभा राहिला.

मग प्रितम बोलला ते भाऊंशी, आणि तीसपस्तीस वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. नववीत तो भाऊंच्याच वर्गात होता. इंग्रजीत त्याला बत्तीस गुण पडले, पासाला पस्तीस लागायचे. पेपर तपासणारे भाऊच. शाळेत सगळ्यांना वाटलं होतं, पुतण्या आहे, मास्तर तीन गुण टाकतील. भाऊंनी टाकले नाहीत. प्रितमने शाळा सोडली ती तेव्हाच.

"तुम्ही बरोबर केलं, काका. त्याचा राग न्हाय. पण निकालाच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, शिक्षण न्हाय तर माणूस काय न्हाय. मी ते खरं मानलं. हे घर बांधलं, शेड उभे केले, चारशे लोकं कामाला हायत, तरी कुठं चार शिकलेली माणसं बसली की मी मागं उभा र्‍हातो. म्हणून विचारतो. ते खरं व्हतं का?"

भाऊंना उत्तर येत होतं. हे उत्तर त्यांनी हजार वेळा दिलं होतं. पण गेल्या महिन्यात मिहिर डबा घरी विसरला म्हणून ते स्वतः तो घेऊन वडप्याला गेले होते. दोन नंबरच्या गेटवर मिहिर चमकणारं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ट्रकांचे नंबर लिहीत होता. एक पंचविशीचा ड्रायव्हर गाडी आत घेतली नाही म्हणून हिंदीत त्याला नाही नाही ते बोलत होता. मिहिर मान खाली घालून लिहीत राहिला. भाऊ रस्त्याच्या पलीकडूनच माघारी फिरले आणि डबा घरी आणून ठेवला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता प्रितमच्या मागे मिहिर उभा होता, त्याच्याही मागे मृणाली, आणि तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आयुष्यात वर्गापुढे खोटं बोललो नाही, असं त्यांना वाटायचं. आज हो म्हणालो तर ते खोटं ठरेल, अशी भीती त्यांच्या मनात शिरली.

"मला माहीत नाही, प्रितम," ते म्हणाले. "पूर्वी माहीत होतं. आता नाही सांगता येत."

प्रितम थोडा वेळ तसाच बसला, जणू काका अजून काही बोलतील. मग त्याने मान हलवली, खुर्ची उचलून जागच्या जागी ठेवली आणि मंडपवाल्याला फोन लावत बाहेर गेला. दिपालीने पार्वतीला औषधाची आठवण करून दिली. मृणालीने ट्रे खाली ठेवला, उरलेले ग्लास एकात एक घातले आणि आत गेली. ती रडली नाही. सुनीती तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली तर ती भांडी घासत होती. सुनीतीने काहीतरी समजुतीचं बोलायला सुरुवात केली, तेव्हा मृणाली म्हणाली, "काकू, तो तांब्या द्या," आणि पुढे तिने काही बोलूच दिलं नाही.

तिघंही रिक्षाने भिवंडीला परतली. घरी पोचल्यावर मिहिर कपडे बदलून शिफ्टला निघाला. दारात चपला घालताना तो भाऊंना म्हणाला, तुम्ही माझ्यामुळे नाही म्हणालात. भाऊ म्हणाले, मी नाही म्हणालो नाही. मिहिर म्हणाला, तिला तसंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आंघोळ करून पेपर वाचायला बसले आणि दुसऱ्याच पानावर थांबले. जमिनीच्या एका व्यवहाराची जाहीर नोटीस होती. ती वाचता वाचता त्यांना वळच्या घरातली एक दुपार आठवली. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची. गावात गोडाऊनसाठी जागा बघत माणसं नुकती फिरायला लागली होती. एक एजंट इंग्रजी कागद घेऊन चांगदेवांकडे आला. म्हणाला, तीस वर्षांचं भाडं, वर्षाला ठरलेली रक्कम, जमीन तुमचीच. चांगदेवांना ऐकू येत नव्हतं, पण माणसाच्या ओठांकडे बघून ते समजले आणि त्यांनी पेन हातात घेतलं. भाऊ तेव्हा सुट्टीत आलेले. त्यांनी कागद मागून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तो भाडेकरार नव्हता, खरेदीखत होतं. त्यांनी भावाच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्या कागदावर सही झाली असती तर आज त्या घराकडे ना शेड असते ना चारशे माणसं. आजूबाजूच्या कित्येक घरांचं तसं झालं होतं. त्यांची पोरं त्याच गोडाऊनमध्ये हमाली करत होती.

पेन्शन, पगार, नोकरी यांच्यातच ते काल उत्तर शोधत राहिले होते. हे त्यांना आठवलंच नव्हतं. त्यांनी प्रितमला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्याही नसतात, असं म्हणून त्यांनी सदरा चढवला. सुनीती शिकवणी सोडून बरोबर येते म्हणाली. त्यांनी तिला थांबवलं. तिने त्यांना रिक्षात बसवून दिलं, आणि रिक्षा हलताना म्हणाली, "भाऊ, काल मीही बोलायला हवं होतं. तिला तेवढं सांगा."

अंजूरफाट्याच्या पुढे कंटेनर आडवा झाला होता. रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. शेवटी भाऊ उतरून छत्री टेकत पुढे चालले, दुसरी रिक्षा धरली आणि साडेबाराला वळला पोचले.

अंगणात प्रितमची गाडी उभी होती. पुढच्या खोलीत पेढ्यांचा पुडा उघडा होता आणि पार्वती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. भाऊंना बघून ती एवढंच म्हणाली, "उशीर केलात, भावजी. सकाळी आठालाच गेलता तो."

प्रितम बाहेर आला, काकांच्या पाया पडला. अंबाडीचं ठरलं होतं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. भाऊंनी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. एजंट, कागद, चांगदेवांच्या हातातलं पेन. धापा टाकत, अधूनमधून थांबत सांगितलं. शेवटी म्हणाले, हे माझं कालचं उत्तर आहे. त्या एका बी.ए.ने हे घर राखलं. मृणालीला पाठव.

प्रितमने सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत हाय ते, काका. मीच तुम्हाला चष्मा आणून दिलेला त्या दिवशी. मी विसरेन व्हय?"

"मग?"

"मग काय. काल मी तुमच्या तोंडून हो ऐकायलाच बसलो व्हतो. अंबाडीवाल्यांना नकार कसा द्यायचा ते पण ठरवून ठेवलेलं. दिपालीला सांगायचं, काकांचा शब्द मोडवत न्हाय. पण तुम्हीच म्हणालात माहीत न्हाय." तो खिशातला रुमाल काढून तोंड पुसू लागला. "तुम्हालाच जर माहीत न्हाय, तर मी नववी नापास माणूस कोणत्या तोंडानं तिला म्हणू, जा?"

भाऊ उठले. पाच वाजायला अजून अवकाश आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. अंबाडीला मी येतो, त्यांची माफी मी मागतो, असं ते म्हणत होते. प्रितमने त्यांचा दंड धरला, पण अडवलं नाही. आत बोट दाखवलं.

मृणाली मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. भाऊ तिच्याजवळच्या पाटावर बसले. सुनीतीचा निरोप त्यांनी आधी दिला, मग आपला. म्हणाले, चुकलो मी. आता हो म्हणायला आलोय. तुझ्या वडिलांचीही हरकत नाही. पाचच्या आत ती जागा नक्की करून टाक.

"सकाळीच सोडली मी, आजोबा," ती म्हणाली. "पप्पा निघाले तेव्हाच. धरून ठेवली असती तर दिवसभर मोबाईलकडे बघत बसले असते."

"परत नाही मिळत? मी बोलतो कॉलेजात. पत्र लिहितो."

"नाही मिळत. सोडली की पुढच्या नंबराला जाते."

इतक्या वर्षांत रडणाऱ्या पोरींना त्यांनी किती समजावलं होतं, पण ही रडत नव्हती. त्यांनी विचारलं, तू का नाही भांडलीस? माझं राहू दे, तू तरी भांडायचंस. मृणालीने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना.

"मी लहान होते तेव्हापासून भांडतेच आहे. शाळेत सायन्स घेताना, कॉलेजला जाताना. दर वेळी म्हणायचे, भाऊआजोबांना विचारा. तेवढंच होतं माझ्याकडे."

बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पार्वती दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मृणालीने सूप मांडीवर सरळ केलं.

"मला मेसेज आला होता," ती म्हणाली. "जागा भरली म्हणून. दहा मिनिटांत भरली. यादीत माझ्यामागे कुणीतरी वाटच बघत असणार."

"हं," भाऊ म्हणाले.

"तिच्या घरी कुणीतरी लगेच हो म्हणालं असेल."

भाऊंनी सुपातले मूठभर तांदूळ आपल्या तळहातावर घेतले आणि चष्मा सावरून तेही निवडू लागले. जेवायला बोलावणं येईपर्यंत दोघं तिथेच बसून होते.